जपानचा हलका रणगाडा : त्याचा उदय व अस्त

अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) येथें लष्कराचें रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. १९९४ सालीं उघडलेल्या ह्या संग्रहालयांत अनेक देशांचे जुने रणगाडे मांडून ठेविलेले आहेत, आणि त्यांतच 'हा-गो' ह्या जातीचा एक लहानसा जपानी रणगाडा आहे. आसपासच्या अवजड गाड्यांपुढें तो इतका किरकोळ दिसतो कीं, "ही काय लढाईची गाडी!" असे उद्गार एखाद्या मुलाच्या तोंडून सहज निघावेत. परंतु अशाच गाड्यांनीं १९४२ च्या आरंभीं मलायांत एका संबंध डिव्हिजनची दाणादाण उडविली. आणि पुढें अडीच वर्षांच्या आंतच त्याच गाड्या त्यांत बसणाऱ्या शिपायांस लोखंडी शवपेट्या ठरल्या. गाडी तीच, पोलाद तेंच, तोफहि तीच. मग एवढा फरक कां पडला? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. रणगाड्यांत तीन गुण असावे लागतात. शत्रूच्या गोळ्या अडविण्यास चिलखत, शत्रूवर मारा करण्यास तोफ, आणि इष्ट स्थळीं वेळेवर पोंचण्यास गति. हे तिन्ही गुण एकाच वेळीं हवे तितके मिळत नाहींत. चिलखत जाड करावें तर वजन वाढतें. वजन वाढलें कीं गति मंदावते. गति राखावी तर इंजिन मोठें घ्यावें लागतें. आणि मोठ्या इंजिनास पुन्हां मोठी गाडी लागते. तेव्हां रणगाडा तयार करणाऱ्या प्रत्येक देशास ह्या तिहींपैकीं कशाला किती महत्त्व द्यावयाचें तें ठरवावें लागतें. जपाननें काय ठरविलें व कां ठरविलें, तें आतां पाहूं.

पहिल्या महायुद्धांत १९१६ सालीं इंग्रजांनीं रणगाडा प्रथम रणांगणावर आणला. जपाननें १९१८ सालीं एक इंग्रजी रणगाडा विकत घेतला व लवकरच कांहीं फ्रेंच रेनो गाड्याहि आणविल्या. हीं यंत्रें पाहून तेथील लष्करी अधिकाऱ्यांस इतकें कळून चुकलें कीं, परक्यांच्या जुन्या गाड्यांवर विसंबून भागावयाचें नाहीं. १९२५ सालीं स्वतःचा रणगाडा बांधण्याचा निश्चय झाला. ज्या देशांत मोटारींचा धंदा अद्यापि बाल्यावस्थेंत होता, त्या देशानें पुरतीं दोन वर्षेंहि न घेतां, १९२७ च्या फेब्रुवारींत, ओसाका येथील शस्त्रशाळेंत आपला पहिला रणगाडा उभा केला. ह्या कामांत तोमियो हारा नांवाच्या लष्करी अभियंत्याचा मोठा वाटा होता. गाडी चालली, चढ चढली. परंतु ती फारच जड व मंद निघाली. तेव्हां तिच्याहून हलकी अशी दुसरी गाडी करण्यांत आली. ती १९२९ सालची 'एकोणनव्वद' क्रमांकाची मध्यम गाडी होय.

हा क्रमांक कसा पडला हें जाणणें मनोरंजक आहे. जपानी लोकांच्या समजुतीप्रमाणें त्यांचा पहिला सम्राट् इसवी सनापूर्वीं ६६० व्या वर्षीं गादीवर आला. त्या वर्षापासून मोजलें असतां १९२९ हें २५८९ वें वर्ष होतें, व त्यांतील शेवटचे दोन अंक गाडीस दिले जात. त्याप्रमाणें १९३५ ची गाडी ती 'पंचाण्णव', व १९३८ ची ती 'अठ्ठ्याण्णव'. ह्याशिवाय गाड्यांस अक्षरांचीं नांवेंहि असत. जपानी वर्णमालेचा एक जुना क्रम इ, रो, हा, नि, हो असा आहे. आपण अ, ब, क म्हणावें तसाच तो प्रकार. 'हा' हें त्यांतील तिसरें अक्षर असल्यामुळें 'हा-गो' म्हणजे 'तिसऱ्या क्रमांकाची'. एवढ्या धाकाच्या यंत्राचें नांव इतकें साधें असावें ह्याची गंमत वाटते.

आतां हलक्या गाडीची गरज कां भासली तें पाहूं. १९३१ सालीं जपाननें मांचुरियावर आक्रमण केलें व तो विस्तीर्ण प्रदेश बळकावला. तेथील लांबलचक मैदानांत शिपाई मोटार-लॉऱ्यांतून जाऊं लागले. लॉऱ्या तासाला ४० किलोमीटर धांवत, तर 'एकोणनव्वद' गाडीची धांव अवघी २५ किलोमीटरांची. ज्या रणगाड्यानें सर्वांच्या पुढें असावयाचें, तोच सर्वांच्या मागें धूळ खात येई! म्हणून १९३३ सालीं एका जलद व हलक्या गाडीचा आराखडा करण्यास प्रारंभ झाला.

हलकेपणाचीं आणखीहि कारणें होतीं. जपान हा बेटांचा देश. त्याचें सैन्य जेथें जावयाचें तेथें जहाजानें जावयाचें. आणि गाडी जितकी जड तितकी ती जहाजावर चढविणें व परक्या किनाऱ्यावर उतरविणें अवघड. चीन व आग्नेय आशियांतील पूल कमजोर व रस्ते अरुंद होते. शिवाय देशांत पोलाद मुबलक नव्हतें, आणि तेंहि आरमार व विमानदळ ह्यांच्याशीं वांटून घ्यावें लागे. तात्पर्य, जपाननें हलकी गाडी पत्करली ती अडाणीपणानें नव्हे. त्या वेळच्या अडचणींस शोभेल असाच तो निर्णय होता.

१९३४ च्या जूनमध्यें नमुन्याची पहिली गाडी तयार झाली. तिचें वजन साडेसात टन भरलें. तें जास्त आहे असें ठरून सुमारें एक टन छाटण्यांत आला. पुढें मांचुरियाच्या हाडें गोठविणाऱ्या थंडींत तिची परीक्षा झाली. ह्या परीक्षेच्या वेळीं जो वाद झाला, तो ह्या कथेंतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणावा लागेल. घोडदळाचे अधिकारी गाडीवर खूष होते. कारण ती घोड्यासारखी धांवत होती. पायदळाचे अधिकारी मात्र म्हणाले कीं, हिचें चिलखत फार पातळ आहे. तें अवघें १२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या हाताच्या बोटाएवढेंहि जाड नव्हतें. साध्या बंदुकीची गोळी त्यानें अडली असती. परंतु तोफेचा गोळा, किंवा जवळून मारलेली जड मशीनगनची गोळी अडली नसती. घोडदळाचें उत्तर असें कीं, वेग आणि तोफ हींच गाडीचें रक्षण करतील. अखेर घोडदळाचें म्हणणें मान्य झालें. १९३६ पासून मित्सुबिशी कंपनीच्या देखरेखीखालीं ह्या गाड्या मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागल्या, व युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सुमारें २,३०० झाली. जपानच्या दुसऱ्या कोणत्याहि रणगाड्याची संख्या इतकी झाली नाहीं.

ही गाडी होती तरी कशी? लांबी सुमारें ४.४ मीटर, रुंदी २ मीटरांहून किंचित् अधिक, वजन ७.४ टन, व सपाट रस्त्यावरील वेग तासाला ४५ किलोमीटर. तिचें इंजिन सहा नळकांड्यांचें, १२० अश्वशक्तीचें, डीझेल तेलावर चालणारें व हवेनें थंड होणारें होतें. त्या काळीं बहुतेक देशांचे रणगाडे पेट्रोलवर चालत. पेट्रोल लवकर पेट घेतें, डीझेल तितक्या लवकर घेत नाहीं. शिवाय तेंच अंतर कापण्यास डीझेल कमी लागतें. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनास पाणी लागत नाहीं, त्यामुळें मांचुरियाच्या हिवाळ्यांत पाणी गोठून यंत्र फुटण्याचें भय उरलें नाहीं. ह्या बाबतींत जपानी अभियंते पुष्कळांच्या पुढें होते हें मान्य केलेंच पाहिजे.

चाकांची योजनाहि अशीच चतुराईची होती. प्रत्येक बाजूस चार चाकें असून तीं दोन-दोनांच्या जोडीनें बसविलेलीं होतीं. दोन्ही जोड्यांचे दांडे एका आडव्या स्प्रिंगेस जोडलेले असत, आणि ती स्प्रिंग गाडीच्या बाहेरच्या अंगास एका नळींत बसविलेली असे. ही रचना हारा ह्यांचीच. ती साधी, हलकी व दुरुस्तीस सोपी होती. परंतु मांचुरियांतील शेतांनीं तिची फजिती केली! तेथें 'काओलियांग' नांवाची ज्वारीची एक जात पिकते. तिच्या शेतांतील सऱ्यांमधील अंतर आणि गाडीच्या चाकांमधील अंतर नेमकें जुळून आलें, आणि गाडी त्या सऱ्यांवरून जातांना होडीसारखी डोलूं लागली. अखेर तेथल्यासाठीं प्रत्येक जोडींतील दोन चाकांच्या मध्यें एक लहान चाक बसवून निराळा प्रकार करावा लागला. कागदावर निर्दोष दिसणारी योजना शेतांतल्या एका सरीनें कशी अडखळते, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

गाडींत तिघे जण बसत. पुढें एक चालक. त्याच्या शेजारीं मशीनगन चालविणारा. आणि वरच्या फिरत्या मनोऱ्यांत गाडीचा नायक, एकटाच. उन्हाची व यंत्राची धग लागूं नये म्हणून आंतून अॅस्बेस्टॉसचें अस्तर लाविलेलें असे. जागा मात्र अत्यंत अपुरी. त्या नायकाची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. शत्रु कोठें आहे तें त्यानेंच पाहावयाचें. चालकास हुकूम त्यानेंच द्यावयाचा. मनोरा हातानें फिरवावयाचा, ३७ मिलिमीटर तोफेंत गोळा भरावयाचा, नेम धरावयाचा व बार काढावयाचा, हेंहि त्याचेंच काम. मनोऱ्याच्या मागल्या अंगास आणखी एक मशीनगन असे, तीहि त्याच्याच गळ्यांत. तो गाड्यांच्या तुकडीचा प्रमुख असेल तर इतर गाड्यांवर लक्ष ठेवणें आलेंच. समोर प्रबळ शत्रु नसतां हें कसेंबसें निभावे. परंतु ज्या गाडीच्या मनोऱ्यांत दोघे-तिघे बसून कामें वांटून घेत, तिच्याशीं गांठ पडली म्हणजे हा एकटा मनुष्य मागें पडणारच.

हा धडा १९३९ सालींच समोर आला. मंगोलिया व मांचुरिया ह्यांच्या सीमेवर खालखिन गोल नदीच्या कांठीं जपानी व रशियन सैन्यांची मोठी लढाई झाली. जपानी लोक तिला नोमोनहानची लढाई म्हणतात. २ जुलैच्या रात्रीं विजांचा कडकडाट व पावसाचा मारा चालू असतां हलक्या गाड्यांच्या एका रेजिमेंटनें अंधारांतून रशियन ठाण्यांवर धाड घातली, व ती बऱ्याच अंशीं साधलीहि. परंतु दुसऱ्या दिवशीं उजेडांत जी दुसरी रेजिमेंट पुढें गेली, तिची दुर्दशा झाली. रशियनांनीं बारीक पोलादी तारांचीं वेटोळीं गवतांत पसरून ठेविलीं होतीं. त्यांत गाड्यांचीं चाकें व पट्टे गुरफटले, आणि थांबलेल्या गाड्या ४५ मिलिमीटर तोफांच्या तोंडीं सांपडल्या. त्या रेजिमेंटचा प्रमुख कर्नल योशिमारू स्वतः मारला गेला. जुलै महिना सरण्यापूर्वींच रणगाड्यांच्या तुकड्या त्या आघाडीवरून मागें घेण्यांत आल्या. १२ मिलिमीटर चिलखत पुरणार नाहीं हें पायदळाचें म्हणणें अशा रीतीनें खरें ठरलें.

मग सुधारणा कां झाली नाहीं? आराखडे झाले होते, ही खरी आश्चर्याची गोष्ट. १९३८ सालींच 'केनि' नांवाची नवी हलकी गाडी आंखली गेली होती. तिचें चिलखत १६ मिलिमीटरांचें, वेग ५० किलोमीटरांचा, आणि मुख्य म्हणजे तिच्या मनोऱ्यांत दोघांची सोय होती. परंतु जुन्या गाडीचे कारखाने व्यवस्थित चालले होते, लष्कर तिच्यावर संतुष्ट होतें. म्हणून नव्या गाडीचें काम १९४२ पर्यंत लांबणीवर पडलें, आणि तिच्या शंभराच्या आसपासच गाड्या झाल्या.

जुन्या गाडीवरील हा संतोष लवकरच आणखी वाढला. १९४१ च्या डिसेंबरांत जपानी सैन्य मलायांत उतरलें. मलायाच्या रबराच्या मळ्यांतून व जंगलांतून रणगाडे चालणार नाहींत असा ब्रिटिशांचा समज होता, व त्यांच्यापाशीं त्या वेळीं तेथें एकहि रणगाडा नव्हता. १९४२ च्या ७ जानेवारीस पहाटे, चांदण्यांत, मेजर शिमादा ह्याच्या हाताखालीं सुमारें तीस मध्यम व हलक्या गाड्या स्लिम नदीकडे जाणाऱ्या एकाच सडकेवरून सुसाट निघाल्या. ती वाट अकराव्या हिंदी डिव्हिजनच्या ताब्यांत होती. हैदराबाद, पंजाब व गुरखा रेजिमेंटांचे जवान कित्येक आठवडे सतत माघार घेऊन थकलेले होते. गुरख्यांची एक पलटण तर सडकेनें रांगेंत चालत असतांच मागून गाड्या येऊन आदळल्या. वातानाबे नांवाच्या लेफ्टनंटनें पुलाच्या सुरुंगाच्या तारा आपल्या तलवारीनें तोडल्या, आणि पूल अखंड हातीं आला. कांहीं तासांत सुमारें ३० किलोमीटर मजल मारून ह्या गाड्यांनीं दोन ब्रिगेडी मोडून काढिल्या. पुढें सव्वा महिन्यांत सिंगापूर पडलें.

ह्या विजयानें गाडीचें नांव झालें; परंतु विजयाचा अर्थ नीट लाविला गेला नाहीं. समोर रणगाडे नव्हते, तोफा थोड्या होत्या, व हल्ला अनपेक्षित होता, म्हणून पातळ चिलखत निभावलें. ह्याउलट १९४१ च्या २२ डिसेंबरास फिलिपाइन्समध्यें दामोर्तिस गांवाजवळ अमेरिकन हलक्या रणगाड्यांशीं, आणि १९४२ च्या मार्चमध्यें ब्रह्मदेशांत पेगूजवळ ब्रिटिशांच्या तशाच रणगाड्यांशीं ह्या गाड्यांच्या गांठी पडल्या. दामोर्तिस येथें जपान्यांची सरशी झाली, पेगू येथें त्यांच्या गाड्या फुटल्या. शत्रूपाशींहि रणगाडे असले म्हणजे जय हमखास मिळत नाहीं, एवढें त्यावरून दिसून आलें होतें.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें न्यू गिनीच्या मिल्ने उपसागरांत आणखी एक प्रकार घडला. जपानी नौसैनिकांनीं बरोबर दोन हा-गो गाड्या आणल्या होत्या. रात्रीच्या काळोखांत समोरचे दिवे प्रखर लावून त्यांनीं ऑस्ट्रेलियन शिपायांची फळी फोडली. परंतु पाऊस संततधार होता. एक-दोन दिवसांतच दोन्ही गाड्या चिखलांत रुतल्या, व त्या तशाच सोडून देणें भाग पडलें. जी गाडी शत्रूस हटली नाहीं, ती चिखलास हटली.

१९४२ नंतर युद्धाचें पारडें फिरलें. जपानला आतां सर्वाधिक गरज जहाजांची व विमानांची होती. पोलाद तिकडे वळलें व रणगाड्यांचें उत्पादन वर्षानुवर्ष घटत गेलें. नव्या गाड्यांचे प्रयत्न चालू होते, पण ते तुटक. 'केतो' नांवाच्या सुधारलेल्या गाडीचे तीस-पस्तीसच नग झाले. 'केहो' ह्या, ४७ मिलिमीटर तोफ व अधिक जाड चिलखत असलेल्या, गाडीचा एकच नमुना तयार झाला. आरमारानें मात्र 'कामि' नांवाची एक विलक्षण गाडी बनविली. तिला पुढें व मागें पोकळ पोलादी तरंडे जोडीत. ती समुद्रांतून पोहत किनाऱ्यास येई, आणि मग आंत बसूनच ते तरंडे सोडून देऊन जमिनीवर लढे. कल्पना उत्तम, पण अशा गाड्या दोनशेंहून कमी झाल्या, आणि त्या आल्या तेव्हां जपानची चढाईची वेळ निघून गेली होती.

इकडे अमेरिकेचे शर्मन रणगाडे जवळजवळ ५०,००० बांधले गेले. शर्मनचें वजन ३० टनांवर, तोफ ७५ मिलिमीटरांची, व पुढचें चिलखत ५० मिलिमीटरांहून जाड. हा-गोचा गोळा त्यावर आपटून पडे. १९४४ च्या मार्चमध्यें इंफाळच्या मोहिमेंत तामूजवळ ब्रिटिशांच्या ली रणगाड्यांशीं हा-गो गाड्यांची गांठ पडली व त्या बहुतेक नष्ट झाल्या. त्याच मोहिमेंत, त्याच महिन्यांत, सांगशाकच्या टेकडीवर आपल्या मराठा पायदळाची चौथी पलटण जपानी हल्ल्यांस तोंड देत होती. जूनमध्यें सायपान बेटावर ४० हून अधिक जपानी रणगाड्यांनीं रात्रीं हल्ला केला, व पहाटेपर्यंत त्यांतील बहुसंख्य जळून गेले. सप्टेंबरच्या १५ तारखेस पेलेलिउ बेटावर दहा-पंधरा हा-गो गाड्या दिवसाढवळ्या उघड्या विमानतळावरून धांवत आल्या. तोफा, शर्मन, विमानें अशी सर्वांचीच त्यांच्यावर एकदम दृष्टि पडली, आणि थोड्याच वेळांत त्या जवळजवळ सर्व नष्ट झाल्या. पोलादभेदी गोळे ह्या गाड्यांच्या एका अंगांतून शिरून न फुटतांच दुसऱ्या अंगांतून निघून जात, म्हणून अमेरिकन गोलंदाजांनीं साधे फुटणारे गोळे वापरले, असें सांगतात. १९३४ सालीं जें चिलखत "वेग रक्षण करील" म्हणून पातळ ठेविलें, त्याचा हा शेवट होता.

अखेरचा प्रसंग तर अधिकच उदास करणारा आहे. १९४५ च्या १५ ऑगस्टास जपाननें शरणागति जाहीर केली. त्यानंतर तीन दिवसांनीं उत्तरेकडील शुमशू बेटावर रशियन सैन्य उतरलें. तेथें कर्नल इकेदा ह्याच्या रेजिमेंटपाशीं ३९ मध्यम व २५ हलक्या गाड्या होत्या. आपले शिपाई घरीं जाण्याची तयारी करीत असतां त्यांस पुन्हां गाड्यांत बसावें लागलें. धुक्यांत झालेल्या त्या हल्ल्यांत स्वतः इकेदा पडला, आणि वीसांहून अधिक गाड्या त्या बेटावरच राहिल्या. महायुद्ध संपलें होतें. मरण मात्र संपलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या कथेंत हलकी गाडी बांधली ही चूक नव्हती. १९३५ सालीं जगांतील बऱ्याच देशांच्या हलक्या गाड्यांशीं ती बरोबरी करूं शकत होती. तिच्यांतील दोष सांगणारीं माणसें होतीं, नोमोनहानचा अनुभव होता, नव्या गाडीचा आराखडाहि कपाटांत तयार होता. परंतु जुनी गाडी चालते आहे, मलाया जिंकला आहे, मग घाई कशाला, असा विचार होत राहिला. आणि जेव्हां घाई करावीशी वाटली तेव्हां पोलाद उरलें नव्हतें. ज्यांनीं निर्णय घेतले ते टोकियोंत होते. त्या निर्णयांची किंमत ज्यांनीं दिली ते त्या अरुंद मनोऱ्यांत, एका हातानें गोळा भरीत व दुसऱ्या हातानें मनोरा फिरवीत होते. त्यांतील पुष्कळ जण तुमच्याहून चारपांच वर्षांनींच मोठे होते. आणि त्यांच्या गाड्या ज्या मुलुखांतून गेल्या, त्या चीन, मलाया व ब्रह्मदेशांतील लोकांनीं ह्या युद्धाची जी किंमत दिली, ती तर मोजण्यापलीकडची आहे.

१९३५ सालच्या त्या पिढीच्या थोड्याच गाड्या आज जगांत उरल्या आहेत. ब्रिटनमध्यें असलेली एक, चालूं शकणारी, गाडी २०२२ च्या अखेरीस जपानला परत गेली. आपल्याकडील गाडी अहिल्यानगरास आहे. सुटींत तिकडे जाण्याचा योग आल्यास तिच्या मनोऱ्याकडे अवश्य पाहावें, आणि त्यांत एका मनुष्यानें किती कामें करावयाचीं होतीं तें मनाशीं मोजावें. त्या गाडीविषयींचें बरेंचसें ज्ञान तेवढ्यानेंच मिळेल.